ढगाखाली लागलेलं लगीन

९ डिसेंबर १९३७, शहापूर

बाबा अजून बोलत नाहीत. दुकानात पोत्यांच्या थप्पीआड बसून आईला सांगतात, "तुझ्या बॅरिस्टराला म्हणावं, जेवून घे." मी जेवत नाही. मग भूक लागते आणि जेवतो.

कॉलेज सोडल्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. प्रोफेसरसाहेबांनी भरवर्गात माझ्या इंग्रजी उच्चारांची नक्कल केली, पोरं हसली, मी पुस्तक त्यांच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो. परत गेलोच नाही. शहापुरात सगळ्यांना वाटतं, नापास होणार म्हणून पळून आला. (नापास होणारच होतो, पण कारण ते नव्हे.)

आणि आज देवच पावला. मुंबईची एक फिल्म कंपनी आणि जर्मनीतली एक, दोघी मिळून बोलपट काढताहेत. राजपुत्र वेष पालटून रानात येतो, अशी काहीशी गोष्ट. दिग्दर्शक जर्मन, यंत्रं जर्मन, नटनटी मुंबईच्या आणि रान आमचं. जवळच्या शेणवा गावात तळ पडणार आहे. त्यांना साहेबाचं बोलणं गावकऱ्यांना आणि गावकऱ्यांचं साहेबाला सांगायला माणूस हवा होता. त्यांचे मॅनेजर सोराबजी बाजारात मला भेटले, दोन वाक्यं माझ्याकडून इंग्रजीत बोलवून घेतली आणि पाठीवर थाप मारली, "बस, डिकरा! तू आमचा दुभाषी."

साहेबाचं नाव लोरेन्झ. त्याचं इंग्रजी माझ्याहून वाईट आहे! प्रोफेसरांनी ऐकायला हवं होतं.

१४ डिसेंबर, शेणवा

देवजीच्या कापणी झालेल्या शेतात तंबू उभे राहिले. देवजी म्हणजे इथला जुना खातेदार, बोलायला कमी, पण बोलला की गाव ऐकतं.

साहेब ताडमाड उंच, उन्हानं लालभडक. त्याला एक खोड आहे. बाईमाणूस समोर आलं की तो उठून उभा राहतो. आज भागीरथीआजी त्याला बघायला आली. ही इथली धवलारीण. या गावांत लग्नाला भटजी येत नाही. धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते आणि लग्न लागतं, अशी यांची समजूत. आजी आली, साहेब उठला. आजीला वाटलं साहेब चालला, म्हणून ती मागे फिरली. साहेब बसला. आजी परत वळली, साहेब परत उठला. असं तीनदा झालं. शेवटी आजी म्हणाली, "अरे, याला बसवा कोनी, नायतर मी चाललू घरी!" मी साहेबाला म्हणालो, "ती तुम्हाला नमस्कार सांगते." साहेब खूश.

माझं काम मोठं मजेचं आहे. दोन्हीकडचं सगळं बोलणं माझ्या गाळणीतून जातं. काय ठेवायचं, काय टाकायचं, मी ठरवतो. साहेब देवजीला म्हणाला, "माझा बापही शेतकरी होता, त्याच्याकडे अगदी अशीच तांबडी गाय होती." हे मी सांगितलंच नाही. साहेबाचा बाप गाय पाळायचा म्हटल्यावर गावात कंपनीचा दबदबा काय राहील? मी म्हणालो, "साहेब विचारतो, गाय बाजूला घ्याल का?"

२१ डिसेंबर

लिहू की नको, लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं. लिहितोच.

देवजीची मुलगी कमळ. आणि मी कमळाकर! कमळाकर म्हणजे कमळांचं तळं. कमळ फुलायचं ते त्यातच, दुसरीकडे कुठे? हा योगायोग नव्हे. मी वाङ्मय शिकलेला माणूस आहे, मला अशा खुणा कळतात.

ती खळ्यावर झोडणी करते. पेंढी उचलताना एकदा बघते, मग पुढची पेंढी. आज मी यंत्राजवळ उभा होतो, तर स्वतःहून म्हणाली, "मास्तर, ती गाडी परत कवा येनार?" (इंग्रजी बोलतो म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात.) कोंडूची बैलगाडी आमच्या यंत्राचं सामान वाहते, तिच्याबद्दल विचारत होती. म्हणजे तिला यंत्राचं कुतूहल आहे! खेड्यातल्या मुलीत ही जिज्ञासा! मी तिला भिंग, फिल्म, उजेड सगळं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते समदं ठीक, पन गाडी कवा येनार?"

मी म्हणालो, उद्या. ती हसली. ते हसणं मला आज दिवसभर पुरलं.

२८ डिसेंबर

कोंडू हा माझा इथला एकच मित्र. मुरबाडकडचा, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यातला. माझ्याच वयाचा असेल, पण हात बघावेत, जणू नांगराचेच. आज नदीवर बैल धुताना त्याला मन मोकळं केलं. कमळवर केलेली कविताही म्हणून दाखवली. अकरा कडवी.

तो बैलाची पाठ घासत राहिला. मग म्हणाला, "कमळी म्हंजे देवजीबाबाची?"

"दुसरी कोण असणार?"

"मास्तर, एक सांगायचं व्हतं."

"आधी शेवटचं कडवं ऐक, त्यात खरी गंमत आहे."

त्यानं ऐकलं. शेवटी नुसतं म्हणाला, "लांब हाय." कविता म्हणत असेल. अडाणी माणसाला कवितेचं काय! पण मित्र चांगला.

३ जानेवारी १९३८

आज मी जे केलं त्यानं माझं आयुष्य बदलणार आहे.

गोष्टीत राजपुत्र एका खेड्यातलं लग्न दुरून बघतो, असा एक भाग आहे. मुंबईच्या नट्यांना साहेबानं त्यासाठी साफ नकार दिला. "थिएटर नको! थिएटर नको!" असं टेबलावर मूठ आपटून ओरडत होता. त्याला इथलीच माणसं हवीत, इथलीच गाणी. मी म्हणालो, देवजीच्या मुलीला नवरी करा. साहेबानं तिला खळ्यावर पाहिलेलं होतं, त्याचे डोळे चमकले. मग विचारलं, नवरा? मी छाती पुढे काढून उभा राहिलो. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "तू? का नाही? बघू."

बघू म्हणाला. म्हणजे झालंच!

"मुलीची स्वतःची इच्छा आहे का? तिलाच विचार," असं साहेबानं बजावलं. मी हो म्हणून सांगितलं. त्यात विचारायचं काय?

देवजीकडे गेलो. सुरुवातीला चुकलोच. म्हटलं, सिनेमासाठी खोटं लग्न लावायचंय. देवजी ताडकन उठला. "मास्तर, बाहुलीचं लावा खोटं लगीन. पोरीचं खोटं लगीन कोन लावत नाय. असं तोंडातनं पन काढू नका." मी लगेच सावरून घेतलं. म्हणालो, "अहो, खोटं कोण म्हणतंय? साहेबाला आपल्याकडचं लगीन बघायचंय, यंत्रात धरून न्यायचंय. कमळीचं."

देवजी आतल्या दाराशी जाऊन आला. मग म्हणाला, "बरं. करू." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हसला, "नवऱ्याची काळजी तुमी करू नका."

हा हात! हे हसणं! माणसं बोलत नाहीत, पण त्यांच्या लक्षात सगळं येतं. कमळनंच काही सांगितलं असेल का घरात?

साहेबाला सांगितलं, तयार आहेत, त्यांना खेळ वाटतोय. सोराबजी म्हणाले, "वाह डिकरा!"

५ जानेवारी

भागीरथीआजीनं घोळ घातला. "पौषात धवला नाय," म्हणते. "माघ लागू दे."

"अहो आजी, हे सिनेमासाठी आहे!"

"सिनेमाचा पौष येगळा असतो का रे?"

सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या, कमळसुद्धा. असल्या समजुती पुढे आल्या की मला संताप येतो. पण साहेबाला काय सांगणार? म्हणालो, म्हातारीचा घसा बसलाय, महिनाभर गाता यायचं नाही. तर त्या भल्या माणसानं तिला आपल्या पेटीतली मधाची बरणी पाठवली. आजी विचारते, हे कशाला? मी म्हणालो, साहेबाला तुमचा आवाज आवडला. "ऐकला कवा त्यानं?" म्हणाली. म्हातारी फार प्रश्न विचारते.

तोवर बाकीची दृश्यं घ्यायला सिद्धगडाच्या रानात जायचं ठरलं.

१४ जानेवारी, संक्रांत

रानातून आलो तो तिळगुळाच्या वेळेला. कमळनं सगळ्यांना दिला. मला देताना म्हणाली, "मास्तर, लग्नाला येशाल ना? का मुंबयला पळाल?"

मी म्हणालो, "माझ्याशिवाय लग्न होईल का?"

ती खो खो हसत सुटली, आणि आत जाऊन आईला सांगितलं असणार, कारण आतूनही हसणं आलं. कोंडू बैलांना पाणी दाखवत होता. त्याला मात्र तिळगूळ देताना ती एक अक्षर बोलली नाही, मान वरही केली नाही. गाडीवानाशी कशाला बोलेल? मला उगीच त्याची कीव आली.

३० जानेवारी

साहेब वैतागलाय, पण थांबलाय. मी आईला निरोप पाठवून बाबांचा जरीकाठी फेटा आणि रेशमी अंगरखा मागवून घेतला. बाबांना कळवलेलं नाही. पुढचं सगळं मी ठरवून टाकलंय. चित्रात का होईना, एकदा तिच्या शेजारी उभा राहिलो की मग तिला विचारायला धीर येईल. त्यानंतर पुण्याला जाऊ. तिला लिहावाचायला शिकवीन.

आज कोंडू सुट्टी मागायला आला. घरी काम आहे म्हणाला. मग घुटमळला. "मास्तर, तुमाला राग येनार नाय ना माझा?"

"कशाचा राग? गाडी दुसरा हाकेल."

"तसं नाय..."

सोराबजींनी हाक मारली म्हणून मी गेलो. परत आलो तर तो निघून गेला होता.

५ फेब्रुवारी

यांच्या उत्साहाला काय म्हणावं! सिनेमासाठी यांनी चक्क हळद लावली! दारात हिरवा मांडव घातला, आंब्याचे टहाळे बांधले, जात्यावर गाणी झाली. मुरबाडकडून पाहुण्यांच्या दोन गाड्या आल्या. मी देवजीला म्हटलं, "अहो, साहेबाला एवढं नकोय." तर म्हणाला, "साहेबाला नको असंल, आमाला पायजे."

साहेबाला सांगितलं की बोलपटात दिसायला लोक लांबलांबून येताहेत. तो भारावून गेला. म्हणाला, जर्मनीत एवढ्या मनापासून कुणी काम करत नाही.

हळदीनं तिचे हात पिवळे झालेत. उद्या.

६ फेब्रुवारी

हे लिहितोय ते रागानं. सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी फेटा बांधून, अंगरखा घालून मांडवात गेलो. साहेबानं भिंगातून पाहिलं, मान हलवली. "नको. तू कारकून दिसतोस." तेवढ्यात वाजंत्री आली. नवरदेवाची वरात. पुढे कोंडू! बाशिंग बांधलेला, हळदीनं माखलेला! साहेब ओरडला, "हा! हा! कुठून शोधलास हा?" आणि माझी पाठ थोपटली!

मी देवजीला गाठलं. "हा कोण?"

"कोन म्हंजे? नवरा. दिवाळीपासनं ठरलंय त्यांचं."

"आणि मी?"

देवजीनं माझ्या फेट्याकडे पाहिलं. त्याला हसू आवरेना. "तुमी बी नटून आलाव, बरं दिसतंय. पन मास्तर, दोन नवरे कसे चालतील?" सगळा मांडव हसला. वाजंत्रीवाल्यानं तोंडातली सनई काढून हसून घेतलं.

कोंडूनं मान खाली घातली. त्याला सगळं माहीत होतं! नदीवर माझी कविता ऐकून घेतली! अकरा कडवी!

ही माणसं सिनेमासाठी काही करतच नव्हती. त्यांनी आपलं लग्न काढलं होतं, आणि आम्ही त्यात यंत्र घेऊन गेलेले पाहुणे होतो. मी मनाशी म्हणालो, होऊ दे. भटजी नाही, होम नाही, सप्तपदी नाही. म्हातारीनं गायलं म्हणून लग्न लागतं का? पण भागीरथीआजी धवला म्हणायला बसली तशी मांडवातली पोरंसुद्धा गप्प झाली. कमळनं एकदाच वर पाहिलं, कोंडूकडे. तसं तिनं माझ्याकडे कधीच पाहिलेलं नाही. शेवटी सगळ्यांनी तांदूळ टाकले. आजी थांबली. लोक म्हणाले, लागलं. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की खरंच लागलं.

तांदूळ पडत होते त्याच वेळी सूर्यावर ढग आला होता. साहेबानं कपाळाला हात लावला. मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाला, "फार सुंदर झालं. पण शेवटचं ढगानं खाल्लं, माझ्या यंत्रात काही आलं नसेल. अगदी नम्रपणे विचार, फक्त तांदूळ टाकण्याचं तेवढं पुन्हा करतील का? त्यांच्या रीतीत बसत नसेल तर राहू दे. राहूच दे."

मांडव माझ्या तोंडाकडे बघत होता. कोंडूची आई बाईजा पुढेच बसली होती.

मी मोठ्यानं म्हणालो, "साहेब म्हणतो, हे लगीन लागलं नाही. पुन्हा लावा."

सार तेच होतं. पुन्हा करा, एवढंच तो म्हणाला ना? मी काही पदरचं घातलं नाही.

पण एकदम सगळं गारठलं. भागीरथीआजीच्या हातातलं ताट खाली आलं. बाईजा उठली. "मांडवात अशी वानी निघाली? लागलं नाय? मंग घेऊन काय जाऊ मी घरी?" देवजी साहेबाच्या अंगावर धावला, त्याला लोकांनी धरलं. साहेब गोंधळून मला विचारत होता, "काय झालं? मी काय म्हणालो?" मी म्हणालो, "हे लोक तापट आहेत."

बाईजानं वरात नवरीशिवाय परत नेली. कोंडू गेला नाही. बाशिंग तसंच, देवजीच्या बांधावरच्या आंब्याखाली बसून राहिला.

जो विश्वासघात माझा झाला, तो कुणाला दिसला? माझ्यावर हसणारी सगळी होती.

७ फेब्रुवारी

रात्रभर डोळा लागला नाही, आणि सकाळी मन अगदी स्वच्छ झालं. लग्न लागलेलं नाही असं सगळ्यांसमक्ष झालंय. बाईजा तिला घरात घेणार नाही म्हणते. म्हणजे कमळ मोकळी आहे! मी चिडून बोललो, पण नियतीनंच बोलवलं असेल.

विहिरीवर गेलो. ती एकटी होती. हळद अजून उतरलेली नाही. तिनंच आधी विचारलं, "मास्तर, साहेब तसं बोलला?"

"हो."

"अस्सं? लागलं नाय, असं?"

"तसंच. कमळ, मी तुला घेऊन पुण्याला जायला तयार आहे. लोक काय म्हणतील त्याची मला पर्वा नाही. बाईजानं टाकलं तरी मी..."

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"दोन महिनं तुमी ह्याचं त्याला आन त्याचं ह्याला सांगताव. मला कवा काय इचारलंत?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे."

"मला माहीत व्हतं. तुमालाच नव्हतं. मी हसून हसून सांगत व्हते." तिनं घागर उचलली. "आता कंचं तोंड घेऊन मी त्यांच्या उंबऱ्यात जाऊ, ते सांगा. ह्याचं बी इंग्रजीत असंल कायतरी."

ती चालू लागली. एवढा जीव टाकला आणि हे ऐकायचं! तिनंही फसवलं. हसून फसवलं. मुलींना हसायची बंदीच करायला हवी.

८ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते लिहिणं अवघड आहे, कारण त्यात मी नव्हतो.

भागीरथीआजी काल पहाटेच कोंडूच्या गाडीत बसून त्याच्या पाड्यावर गेली होती. आज उन्हं तापायच्या आत बाईजाला घेऊन आली. काय सांगून आणली देव जाणे. कमळ, कोंडू, बाईजा, देवजी, सगळे साहेबाच्या तंबूकडे निघाले. मी माझं काम म्हणून उठलो. देवजीनं हात आडवा केला. "तुमी बसा, मास्तर."

"पण त्याला तुमचं बोलणं कळणार नाही! आणि त्याचं तुम्हाला!"

"बगू."

मी सामानाच्या गाडीपाशी बसून पाहत होतो. आजीनं साहेबाला मांडवाकडे बोट केलं, तांदूळ टाकल्याची खूण केली, मग हात हलवून आणि तोंड वाकडं करून विचारलं, नाय? नाय? साहेब आधी काहीच समजला नाही. मग त्याचा चेहरा बदलला. त्यानं वर सूर्याकडे बोट दाखवलं आणि आपली टोपी डोळ्यांसमोर धरली. ढग. यंत्राकडे बोट केलं, दोन्ही डोळे मिटून आंधळ्यासारखा चाचपडला. मग यंत्राच्या पाठीवर फटका मारला, खोडकर बैलाला मारावा तसा. बाईजाला हसू फुटलं. "अगो, आंधळं झालं व्हतं तें! येंत्र!"

मग साहेब कोंडू आणि कमळपाशी गेला, आपली दोन बोटं एकमेकांत घट्ट अडकवली आणि मान इतक्या जोरानं हलवली की त्याची टोपी पडली. लागलं. लागलं. आजीनं पदराच्या गाठीतले तांदूळ त्याच्या ओंजळीत घातले. त्यानं ते दोघांच्या डोक्यावर टाकले. यंत्र तिथंच झाकलेलं होतं. सोराबजी म्हणत होते, "साहेब, घेऊन टाका ने, सूरज मस्त आहे!" साहेब नको म्हणाला.

बाईजानं कमळचा हात धरला. गाडी जुंपली.

माझ्याशिवाय! एक शब्द न बोलता! दोन महिने मी उन्हातान्हात या माणसांचं बोलणं वाहिलं, आणि त्यांना माझी गरजच नव्हती, तर मग मला आणलं कशाला? कुणी तरी एकदा वळून म्हणायचं होतं, मास्तर, हे कसं सांगायचं? कुणीही म्हटलं नाही.

गाडीत बसताना कमळ देवजीच्या गळ्यात पडून रडली, भागीरथीआजीच्या पाया पडली. सामानाच्या गाडीवरून तिची नजर गेली, त्यात मी होतो की नव्हतो, सांगता येत नाही. कोंडूनं मात्र मला पाहिलं. बैलांना थांबवतो की काय असं वाटलं. थांबवलं नाही.

९ फेब्रुवारी

सोराबजींनी बोलावलं. साहेबानं विचारलंय, रविवारी मांडवात मी नेमकं काय बोललो. मी म्हणालो, तुम्ही सांगितलं तेच. सोराबजींनी दाढी खाजवली. "डिकरा, साहेबनी फक्त तांदूळ मागितला होता. तू पूरी शादी मागून घेतली."

मी उठून आलो. त्यांना माझी बाजू कशी समजावी? त्यांचं कधी कुणावर मन बसलंय का?

११ फेब्रुवारी

तंबू उतरले. कंपनी मुंबईला निघाली. आटगाव स्टेशनात सामान चढवायचं म्हणून गाड्या आधीच गेल्या. त्यातली एकही कोंडूची नव्हती.

साहेब सगळ्यांचा निरोप घेत फिरला. बायांचा घोळका होता तिथं गेला, देवजीच्या अंगणात गेला. आपल्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मी तर कधी सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की त्याला शिकवावं. देवजीसमोर हात जोडून तो जड जिभेनं म्हणाला, "येतो." देवजी म्हणाला, "या, या. सावकाश या." मग आजीला, "येतो." आजीनं त्याच्या गालाला हात लावून बोटं मोडली. मग विहिरीवरच्या पोरींना, देवजीच्या बायकोला, तांबड्या गायीला सुद्धा, "येतो, येतो," आणि सगळी शेणव्याची माणसं हसतायत.

मग तो माझ्यापाशी आला. हसला नाही, रागावलाही नाही. हात पुढे केला आणि म्हणाला, "गुड बाय."